वजन उतरविण्याचा व्यापार

आपल्याकडे पूर्वी अंगाने भरलेला माणूस दिसला, की 'खात्यापित्या घरचा' असे कौतुकाने म्हणत. मूल बाळसेदार असावे, ही तर प्रत्येक आजीची इच्छा. त्याच घरांतून आज वर्तमानपत्राच्या घडीतून पडलेले रंगीत पत्रक उत्सुकतेने उचलले जाते : महिन्यात इतके किलो कमी, खात्रीशीर! आपल्या सीमाभागात असे पत्रक एका बाजूला मराठीत आणि दुसऱ्या बाजूला कानडीत छापलेले असते. पैसे भरताना सही करावयाचा कागद मात्र पुष्कळदा इंग्रजीत असतो. जाहिरात आपल्या भाषेत आणि अटी परक्या भाषेत, एवढ्यावरूनच शहाण्याने थोडे थांबावयास हरकत नाही.

या पत्रकाने घराघरांत एक प्रश्न उभा केला आहे. पैसे भरून वजन उतरवून देणाऱ्या संस्थेत नाव घालावे की घालू नये? प्रश्न आरोग्याचा आहे, तसाच पैशाचा आहे, आणि त्याहून नाजूक म्हणजे स्वाभिमानाचा आहे. लग्नाच्या वयाची मुलगी, बाळंतपणानंतर सुटलेली सून, निवृत्तीनंतर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आलेले गृहस्थ, अशी माणसे आधीच मनातून खजील असतात आणि अशा मनःस्थितीत त्यांच्यापुढे करारपत्र येते. औषधोपचार सांगणे हे वैद्याचे काम. इतिहासाच्या शिक्षकाला एक गोष्ट मात्र करता येण्यासारखी आहे. या व्यापारात आजवर कोणी काय विकले आणि घेणाऱ्याच्या पदरात काय पडले, हे पाहता येते. हा जमाखर्च नीट मांडला, तर निर्णय बराचसा सोपा होतो.

दुखणे जुने, दुकान नवे

लठ्ठपणा हे दुखणे आधुनिक नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात 'अष्टौनिन्दितीय' नावाचा एक अध्याय आहे. शरीराच्या आठ निंद्य प्रकारांची मोजणी करून त्यांतील अतिस्थूल आणि अतिकृश या दोहोंचा तेथे विस्ताराने विचार केला आहे. दोघेही सततचे रोगी, पण दोहोंत कृश बरा, कारण स्थूलाचा उपचार अधिक कठीण, असा त्या ग्रंथाचा अभिप्राय आहे. आजचा अनुभव फार वेगळा नाही.

दुकान मात्र अलीकडचे. त्याच्या इतिहासाची सुरुवात लंडनमधील विल्यम बँटिंग या गृहस्थापासून करण्याची प्रथा आहे. हा माणूस व्यवसायाने अंत्यविधीची व्यवस्था करणारा होता. राजघराण्यातील अंत्ययात्रांचे कामही त्याच्या घराण्याकडे असे. १८६२ साली, वयाच्या ६६ व्या वर्षी, त्याची उंची ५ फूट ५ इंच आणि वजन २०२ पौंड, म्हणजे सुमारे ९२ किलो होते. बुटाची नाडी बांधता येत नव्हती आणि जिना उतरताना पाठमोरे उतरावे लागे. व्यायाम म्हणून त्याने नदीत होडी वल्हवून पाहिली. बाहूंत बळ आले, पण भूक अशी खवळली की वजन वाढलेच. गरम वाफेची स्नाने झाली, औषधे झाली. अखेर ऐकू कमी येते म्हणून तो विल्यम हार्वे या कानाच्या वैद्याकडे गेला, आणि त्याने कान सोडून पोटाकडेच बोट दाखविले. पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे बंद! वर्षभरात बँटिंगचे ४६ पौंड, म्हणजे सुमारे २१ किलो वजन उतरले.

१८६३ साली त्याने आपली हकीकत एका लहान पुस्तिकेत छापली. पहिल्या आवृत्त्या त्याने फुकट वाटल्या. पुढे मागणी वाढली तेव्हा किंमत ठेवली, पण नफा धर्मादायाकडे वळविला. त्याच्या नावाचे इंग्रजीत क्रियापद झाले, आणि स्वीडिश भाषेत आजही आहार कमी करून वजन उतरविण्याला 'बांटा' असेच म्हणतात. म्हणजे या व्यापाराचा आद्यपुरुष मानला जाणारा गृहस्थ व्यापारी नव्हताच. आपल्याला गुण आला तो दुसऱ्याला यावा, एवढाच त्याचा हेतू होता.

तराजू, तक्ते आणि गोळ्या

विकण्याची कला आली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. शरीरसौष्ठवासाठी जगभर गाजलेला युजेन सँडो आपली उपकरणे आणि पुस्तके टपालाने दूरदूर विकू लागला. त्याच्या गिऱ्हाइकांत आपल्या शेजारच्या औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी होते. काही वर्षे त्यांनी सँडोच्या पद्धतीने व्यायाम केला आणि मग ते आपल्या घरच्या सूर्यनमस्कारांकडे वळले. ना उपकरण, ना वर्गणी! पुढे त्यांनी संस्थानातील शाळांतून सूर्यनमस्कार सुरू केले, आणि १९३८ साली त्यांच्या पद्धतीवरील इंग्रजी पुस्तक लंडनहून प्रसिद्ध झाले. विकत घेतलेल्या पद्धतीपासून घरच्या पद्धतीकडे येण्याचे हे उदाहरण आपल्या माणसांनी विसरू नये.

इकडे अमेरिकेत लुलू हंट पीटर्स या डॉक्टर बाईंनी १९१८ साली कॅलरी मोजून जेवण्याचा धडा देणारे पुस्तक लिहिले, आणि ते अफाट खपले. १९४० नंतरच्या दशकात मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीचे उंचीनुसार 'इष्ट' वजनाचे तक्ते प्रसिद्ध झाले. पूर्वी लठ्ठ कोण हे आरसा आणि शेजारी ठरवीत. आता ते तक्ता ठरवू लागला. तक्त्याबाहेर पडलेला प्रत्येक माणूस हा एक संभाव्य गिऱ्हाईक झाला.

दरम्यान झटपट उपायांनी बळी घेतलेच. १९३३ च्या सुमारास डायनायट्रोफिनॉल नावाचे रसायन वजनाची गोळी म्हणून खपू लागले. ते शरीराची भट्टी खरोखरच पेटवीत असे, पण त्यापायी कित्येकांना मोतीबिंदू झाले, काही जीव गेले, आणि १९३८ च्या नव्या अमेरिकी कायद्यानंतर ते बाजारातून गेले. ही पहिली ठेच होती. पुढच्यांनी तिच्यावरून शहाणपण घेतले नाही.

सरकारी कागद आणि खासगी सोबत

या व्यापाराचे खरे मर्म कळते ते जीन नायडेच या न्यूयॉर्कच्या गृहिणीच्या हकीकतीत. १९६१ साली तिचे वजन २१४ पौंड, म्हणजे ९७ किलो होते. बाजारात भेटलेल्या एका ओळखीच्या बाईने 'किती महिने झाले?' अशा अर्थाचे विचारले, आणि ते तिच्या जिव्हारी लागले. ती शहराच्या आरोग्य खात्याने चालविलेल्या दवाखान्यात गेली. तेथे डॉ. नॉर्मन जॉलिफ यांनी आखलेला आहाराचा कागद मिळे. तो तिने पाळला आणि दहा आठवड्यांत २० पौंड उतरविलेही. पण चोरून बिस्किटे खाण्याची तिची सवय सुटत नव्हती, आणि दवाखान्यात ते सांगण्याची सोय नव्हती. म्हणून तिने सहा लठ्ठ मैत्रिणींना घरी बोलावले आणि त्यांच्यापुढे आपली चोरी कबूल केली. मैत्रिणींनीही आपापल्या चोऱ्या सांगितल्या. दर आठवड्याला भेटावयाचे ठरले. वर्षभरात जीनचे एकंदर ७२ पौंड, म्हणजे सुमारे ३३ किलो वजन उतरले.

१९६३ साली लिपर्ट दांपत्याच्या साहाय्याने या बैठकीची 'वेट वॉचर्स' ही कंपनी झाली. आठवड्याची फी दोन डॉलर, म्हणजे त्या काळच्या सिनेमाच्या तिकिटाच्या आसपास. पंधरा वर्षांनी, १९७८ साली, हाइन्झ या खाद्यपदार्थांच्या कंपनीने ती सात कोटी डॉलरहून अधिक किमतीला विकत घेतली. वजन उतरविण्याची शिकवणी आणि डबाबंद खाद्यपदार्थ एकाच मालकाच्या छपराखाली आले!

येथे क्षणभर थांबून विचार करावयास हवा. या कंपनीने नेमके काय विकले? आहार तर सरकारी दवाखान्याचा होता, फुकट मिळणारा. विकली गेली ती सोबत. ठरलेला वार, ठरलेली जागा, तराजू, टाळ्या आणि आपल्यासारखीच चार माणसे. ही सोबत विकावीच लागते असेही नाही. १९४८ पासून अमेरिकेतच 'टॉप्स' ही ना नफा तत्त्वावरची संस्था अशाच साप्ताहिक बैठका चालवीत आली आहे. आपल्याकडचे भिशीमंडळ, भजनीमंडळ किंवा पहाटे किल्ल्याच्या तळ्याभोवती फिरणारा गट यांत ही शक्ती आहेच. फक्त तिचा या कामी कोणी वापर केलेला नाही.

आश्वासने आणि चौकशी

धंद्यात पैसा आहे हे कळल्यावर घाई करणारे आले. १९७६ साली रॉबर्ट लिन या डॉक्टरने जेवण सोडून केवळ द्रव प्रथिनांवर राहण्याचा मार्ग पुस्तकातून सांगितला. ही प्रथिने जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेली, निकृष्ट प्रतीची. लाखो लोकांनी ती घेतली. १९७७ च्या अखेरीपर्यंत असा आहार घेणाऱ्यांच्या पन्नासहून अधिक मृत्यूंची नोंद अमेरिकी अधिकाऱ्यांकडे झाली. त्यांत तरुण स्त्रियांची हृदये अचानक बंद पडल्याची उदाहरणे होती.

पुढे सुधारलेली, वैद्यकीय देखरेखीखालची द्रवपेये आली. १९८८ च्या नोव्हेंबरात ओप्रा विन्फ्री या दूरचित्रवाणीवरील विख्यात बाईंनी अशाच पद्धतीने ६७ पौंड वजन उतरविले, आणि तेवढ्या वजनाची चरबी गाड्यावर घालून रंगमंचावर ओढीत आणली. कोट्यवधींनी ते दृश्य पाहिले. दोन वर्षांच्या आत बहुतेक वजन परतले होते. पैसा, देखरेख आणि इच्छाशक्ती यांपैकी कशाचीही उणीव नसलेल्या बाईंची ही गत, तर आपल्या घरातील सुनेला 'तुझ्यात जिद्दच नाही' असे म्हणण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो?

१९९० साली अमेरिकी संसदेच्या उपसमितीपुढे या धंद्याची चौकशी झाली. १९९३ साली तेथील फेडरल ट्रेड कमिशनने न्यूट्री-सिस्टिम, जेनी क्रेग, वेट वॉचर्स यांच्यासह पाच मोठ्या कंपन्यांवर पुरावा नसताना यशाचे दावे केल्याचा ठपका ठेवला. तीन कंपन्यांनी लगेच समझोता केला. जेनी क्रेग आणि वेट वॉचर्स यांनी १९९७ साली केला. या समझोत्यांत एक मार्मिक अट होती. टिकाऊ यशाची जाहिरात करताना, पुष्कळांच्या बाबतीत उतरलेले वजन तात्पुरते ठरते, हेही ग्राहकाला सांगावे. पुढे १९९९ साली कंपन्या, डॉक्टर आणि सरकार यांनी मिळून ऐच्छिक नियम केले. सल्ला देणाऱ्यांचे शिक्षण काय, कार्यक्रमात नेमके काय आहे, धोके कोणते आणि एकंदर खर्च किती, हे ग्राहकाला आधी सांगावे, असा त्यांचा आशय. सक्ती नव्हती, पण प्रश्न मात्र कायमचे लिहून ठेवले गेले.

मोजून पाहिल्यावर काय दिसले

मग या कार्यक्रमांचा काहीच उपयोग नाही काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. २००३ साली अमेरिकेत ४२३ माणसांची पाहणी प्रसिद्ध झाली. निम्म्यांना वेट वॉचर्सच्या बैठकांना पाठविले आणि निम्म्यांना स्वतःच प्रयत्न करावयास सांगितले. वर्षअखेर बैठकांना जाणाऱ्यांचे सरासरी ४.३ किलो आणि इतरांचे १.३ किलो वजन उतरले होते. दोन वर्षांनी आकडे २.९ आणि ०.२ असे राहिले. म्हणजे सोबतीने फरक पडला, हे खरे. पण दोन वर्षांच्या वर्गणीचे फळ सरासरी तीन किलो, हेही खरे. हे तीन किलो अगदीच टाकाऊ नव्हेत, कारण थोडे वजन उतरले आणि उतरलेले राहिले तरी रक्तदाब आणि साखर यांना त्याचा लाभ होतो. तथापि पत्रकावरील आकड्यांशी त्यांचे नाते दूरचेच.

२००५ साली चार प्रसिद्ध आहारपद्धती १६० माणसांवर शेजारीशेजारी तपासल्या गेल्या. एकीत पिष्टान्न कमी, दुसरीत स्निग्धांश कमी, तिसरीत प्रमाण बांधलेले, चौथीत कॅलरी मोजलेल्या. वर्षाअखेर चारांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. ज्याने जी पद्धत अधिक निष्ठेने पाळली त्याचे वजन अधिक उतरले. कोणाकडेही गुपित नव्हते. गुपित म्हणून जे विकले जाते ते घ्यावयाचेच नसते, हा या इतिहासाचा पहिला धडा होय.

आपल्याकडची गोष्ट

भारतात हा धंदा संघटितपणे वाढला तो १९८९ साली दिल्लीत 'व्हीएलसीसी' निघाली त्यानंतर. पुढे मोठ्या शहरांतून तालुक्याच्या गावापर्यंत केंद्रे आली. आमच्या कायद्याने मात्र धोका आधीच ओळखला होता. औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा १९५४ चा केंद्रीय कायदा ज्या विकारांवर औषधांची जाहिरात करण्यास मनाई करतो, त्यांच्या यादीत लठ्ठपणा आहे. तरीही खांबाखांबांवर काय चिकटविलेले असते, ते आपण पाहतोच.

गरज मुळीच नाही असेही नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील २४ टक्के स्त्रिया आणि जवळजवळ २३ टक्के पुरुष जादा वजनाचे आढळले. मोजणी साधी आहे. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावयाचे. १६० सेंटीमीटर उंचीच्या माणसाचे वजन ६४ किलो असेल तर उत्तर २५ येते. भारतीयांसाठी २००९ साली तज्ज्ञांनी २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा अशी मर्यादा मान्य केली. कंबरेचा घेर पुरुषाचा ९० आणि स्त्रीचा ८० सेंटीमीटरच्या आत असावा, असेही सांगितले.

पण आकडाही फसवा असतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आपली स्वतःचीच छायाचित्रे छापली. दोघांचाही वरील आकडा तंतोतंत २२.३, अंगातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! आपण भारतीय बारीक दिसूनही आतून मेदयुक्त असू शकतो. म्हणून केवळ दिसण्यासाठी पैसे भरणाऱ्या सडपातळ मुलीला कदाचित कार्यक्रमाची गरज नसते, आणि पोट सुटलेल्या किरकोळ अंगाच्या वडिलांना मात्र रक्त तपासून घेण्याची असते. जाहिरात नेमकी उलट माणसाला हाक मारते.

आपल्याच प्रांतात पैशाविना चाललेली चळवळही पाहावयास मिळाली. नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावरून लातूरच्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दिवसातून दोनदाच जेवणे आणि रोज पाऊण तास चालणे यांचा प्रचार विनामूल्य व्याख्यानांतून केला. या पद्धतीविषयी वैद्यांत मतभेद आहेत, आणि मधुमेहाची औषधे घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याखेरीज जेवण सोडू नये. परंतु गावोगावी एकमेकांना धरून चालणारे जे गट त्यातून तयार झाले, त्यांत नायडेचबाईंची सोबत वर्गणीवाचून मिळाली, एवढे मान्य करावयास हवे.

अलीकडे इंजेक्शने आली आहेत. २०२१ च्या एका मोठ्या चाचणीत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी जवळजवळ १५ टक्के उतरले. पण औषध थांबविल्यावर वर्षभरात त्यातील दोनतृतीयांश परतले, असे पुढच्या पाहणीत दिसले. भारतात ही औषधे वजनासाठी २०२५ साली आली. जेनी क्रेगने २०२३ साली आपली केंद्रे बंद केली होतीच. २०२५ च्या मे महिन्यात वेट वॉचर्सही दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी न्यायालयात गेली. औषध डॉक्टरने तपासून द्यावयाचे आहे, सलूनच्या काउंटरवरून घ्यावयाचे नव्हे, हे वेगळे सांगावयास नकोच.

निर्णय घेण्यापूर्वी

या सगळ्यावरून सही करण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न आपोआप निघतात. पहिला प्रश्न स्वतःला : मला वजन खरोखरच उतरवावयाचे आहे, की कोणाचे तोंड बंद करावयाचे आहे? घेर, साखर आणि रक्तदाब तपासून घरच्या डॉक्टरांना विचारावे. वाढत्या वयाची मुले, गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांनी अशा केंद्राची पायरी चढूच नये. डबा तसाच परत नेणाऱ्या दहावीच्या मुली शाळेत दिसतात, तेव्हा घरातल्या थट्टेचा परिणाम कोठवर पोहोचतो ते कळते.

पुढचे प्रश्न केंद्राला : सल्ला देणाऱ्याचे शिक्षण काय? आहार आमच्या स्वयंपाकघरातला, भाकरी-आमटीचा आहे, की तुमचीच पावडर घ्यावी लागेल? नोंदणी, तपासण्या, पावडर, पुढची मुदत, सगळे मिळून खर्च किती? मध्येच सोडले तर पैसे परत मिळतील काय? करार आमच्या भाषेत समजावून सांगाल काय? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दोन वर्षांपूर्वी नाव घातलेल्या शंभर माणसांपैकी आज किती जणांचे वजन उतरलेले आहे? भिंतीवरील दोन छायाचित्रे हे त्याचे उत्तर नव्हे. आठवड्याला अर्धा ते एक किलोपेक्षा अधिक उतरविण्याची हमी देणारा, 'आजच भरा, उद्या सवलत नाही' म्हणणारा आणि पट्ट्याने घाम काढून चरबी जाते असे सांगणारा, या तिघांना दुरूनच नमस्कार करावा. फसवणूक झालीच तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने जिल्हा आयोगाचे दार उघडे आहे. त्यासाठी पावती आणि पत्रक जपून ठेवावे.

या प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली, खर्च झेपण्यासारखा असला आणि एकट्याने जमत नाही असा आपला अनुभव असला, तर जरूर नाव घालावे; त्यात कमीपणा नाही. फक्त आपण गुपित विकत घेत नसून सोबत विकत घेत आहोत, हे मनाशी पक्के असावे. आणि पैसे भरण्याआधी एकदा आपल्या गल्लीतच सहा माणसे गोळा करून पाहावीत. जीन नायडेचने तेवढ्यावरच सुरुवात केली होती. फराळाची ताटे फिरून झाली, की पाडव्याच्या पहाटेचा मुहूर्त या कामाला काही वाईट नाही.